बेचाळीस अक्षरं

ऐरोली, सेक्टर तीन. रात्रीचे पावणेदोन.
पडद्यावर सोलमधल्या एका गच्चीत
दोघं नूडल्स खाता खाता भांडतायत
आणि मी त्यांच्या तोंडी मराठी घालतेय.
ओळीला बेचाळीस अक्षरं, ओळी दोनच.
सातव्या मिनिटाला तो जे म्हणतो
त्याला आपल्याकडे शब्द आहे, लळा.
त्यांना "प्रेम" हवंय. सोपं ठेवा, म्हणाले.
ठेवलं.

एकेकाळी मी कादंबऱ्या वाचायचे, पाचशे पानी,
वाशीच्या लायब्ररीतून, भाजीच्या पिशवीत दोन-दोन.
पान उलटायच्या आधी जरा थांबायची सवय होती.
आता वाक्य दिसलं की आधी त्याची लांबी मोजते.
परवा नाक्यावरच्या श्रद्धांजलीच्या फलकावरचं
"आपल्यातून निघून गेले"
मनातल्या मनात नुसतं "गेले" केलं.
आठ अक्षरं वाचली.

कंसांचं कामही माझ्याकडेच,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.
[दार आपटतं]
[कुत्रा भुंकतो]
[उदास संगीत]
एका भागात अकरा वेळा उदास संगीत.
एकदा लिहायचं, दहादा चिकटवायचं.

दिवागावच्या द्वारकाबाई मढवी
मार्केटच्या कोपऱ्यावर खाडीची कोळंबी विकतात.
चाळीस वर्षं लग्नांतून धवले गायल्या,
मग चार वर्षांत दोन्ही कान गेले.
मोबाइल तराजूला टेकवून त्या हीच मालिका बघतात.
नातवानं सांगितलं असावं त्यांना माझ्याबद्दल.
शनिवारी कोळंबी सोलता सोलता म्हणाल्या,
"ह्या तू लिवतंस? मग सांग,
उदास म्हंजे कसा? पोरीला वाटंला लावताना लागतं तसा,
का मेल्याघरचा?"

मला सांगता येईना.
कारण लेक शेजारी झोपलेला असतो
आणि मी आवाज बंद ठेवूनच काम करते.
कुठे उदास, कुठे आनंदी,
त्याची यादी येते कंपनीकडून.

त्या रात्री कानात बोंडं घालून ऐकलं.
दोन तारांचं काहीतरी होतं,
कुणी दम खात जिना चढावा तसा सूर,
आणि मधल्याच पायरीवर बसून राहिलेला.
मला आमची सिडकोची जुनी बिल्डिंग आठवली,
रात्री साडेआठला
चारही मजल्यांवरून एकच शीर्षकगीत यायचं,
दळणाचा डबा घेऊन वर चढेपर्यंत
एकही संवाद चुकायचा नाही.
आता ह्या घरात तिघं आहोत
आणि तिघांच्या कानांत तीन वेगळी दुपार.

लिहिलं,
[दोन तारांचं वाद्य. सूर चढतो, थकतो, मधेच बसून राहतो.]
परत आलं. मर्यादा ओलांडली.
मग लिहिलं,
[पाठवणीचा सूर]
सात अक्षरं. पस्तीस शिल्लक.
रविवार होता, कुणी तपासलं नसेल,
नववा भाग तसाच गेला.

पुढच्या शनिवारी द्वारकाबाईंनी
पिशवी माझ्या हातात दिली, पैसे मोजले,
ओल्या बोटानं पडदा मागे सरकवून
तीच जागा काढून दाखवली.
"पाठवणीचा लिवलास. बरा केलास.
पन धवला दोघी गातान.
एक थांबली का दुसरी उचलतं.
ह्याच्यान दुसरी कुठं हाय?"