सहभागी क्रमांक सतरा

मला कोडिंग येत नाही.
परभणीत, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत,
पडद्यावरचे चौकोन बोटानं ओढत बसले:
हा प्रश्नाचा, हा वेळेचा,
हे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत,
हा पावलं मोजणारा.
एकाला दुसऱ्याशी रेघेनं जोडलं की झालं.
लकव्यानंतरचं घरातलं जगणं
एवढ्यात मावेल असं तेव्हा वाटलं होतं.

बत्तीस घरांत बत्तीस फोन.
रात्री आठला टुंग वाजतं:
आज कसं वाटतंय?
कुणी रोज मधलाच चेहरा दाबतं.
कुणी पहाटे सव्वातीनला.
‘थकवा’ नको, ‘शीण’ लिहा,
असं बोरीचे गुरुजी कळवतात.

आणि क्रमांक सतरा.
सोजरबाई मस्के, वालूर, उजवी बाजू गेलेली,
खाट ते मोरी, तेही दोघांच्या खांद्यावर.
पावलं: चौदा हजार दोनशे सहा.
मजले चढले: नऊ.
चेहरा: पाचवा.

सगळ्या रेघा पुन्हा तपासल्या.
शेवटी सेलूची गाडी धरली.

खाट ओसरीत. फोन नाही.
फोन अंगदच्या खिशात, अंगद शाळेत,
शाळेतून बारवेत, पायऱ्या उतरून पुन्हा वर,
कुणाच्या तरी शेळीमागं, गिरणीवर,
दिवे लागल्यावर घरी.

धापा टाकतच त्यानं फोन तिच्या डाव्या हातात दिला.
टुंग.
तिचे निम्मे शब्द ओठाच्या कोपऱ्यातून सांडतात:
‘कुठं कुठं हिंडलाव रे आज आपुन?’

तो सांगत बसला.
बारवेतलं पाणी किती पायऱ्या खाली गेलं,
कुणाच्या दारी मांडव पडला,
पिठाला नंबर लावून तो कुठं पळाला.
ती डोळे मिटून. पांघरुणाखाली
कुठला तरी पाय हलल्यासारखा मला दिसला.
नोंदीत मी ते घेतलेलं नाही.
मग अंगठा, पाचव्या चेहऱ्यावर.

ओळ सतरा पुसायला हवी.
चुकीचा डेटा, मॅडम म्हणतील,
आणि बरोबरच म्हणतील.

परतीच्या पॅसेंजरमध्ये
मी एक नवा चौकोन ओढून आणला:
ही पावलं कुणाची?
खाली पर्याय लिहिले. माझी. दुसऱ्याची.
जरा थांबून तिसरा: आमची.

त्याची रेघ कशाला जोडायची ते सुचेना.
ती बोटाला चिकटून तशीच लोंबत राहिली
पेडगाव येईपर्यंत.