चढावरचे दे

पहाटे पाचला निघते, अंजुण्याच्या धरणापर्यंत जाते,
येताना साखळीच्या बाजारात शहाळं,
आणि पायांना सांगते, अजून सहा आठवडे.
खाणींचे ट्रक थांबले त्याला वर्षं झाली,
पण लाल धूळ कडेला दबा धरून असते,
चेनमध्ये शिरते, दातांत येते.

सायकल कायतानने जुळवून दिली.
हँडल एकीचं, चाकं दुसरीची,
सीट त्याच्या पदेर भावाची, पंचवीस वर्षं
दारोदार पाव विकून बसकी झालेली.
म्हणाला, पहिले चार दिवस दुखेल बाय,
मग नक्की कुठं दुखतंय तेच कळणार नाही.
म्हटलं, आमच्या घरी तसंच असतं.

पत्रादेवी ते पोळे, आणि परत.
दोनशे साठ किलोमीटर, शंभर रुपयांना एक.
रात्रीच्या फोनवर बसणाऱ्या दोघांचा पगार
त्यातून निघायचा, निदान काही महिने.
शाळेच्या ऑफिसातली जुनी वही घेतली,
ओळीला एक आकडा,
आकड्यापुढे नावाची जागा.

हृदयाचं का? लोक विचारायचे. किडनीचं?
मनाचं म्हटलं की गल्ल्याकडे बघायचे.
विश्वंभरशेट म्हणाले, मनाला कसली गो सायकल?
दुकान हसलं. मीही हसले थोडी,
वाटाणे उधारीवर घ्यायचे होते.

रात्री साडेदहाला फाटकाशी टॉर्च.
शेटच. पायजम्यात. मुठीत पाचशेची घडी.
"पाच लिही. नाव नको."
पायरी उतरता उतरता थांबले,
"चढावरचे दे. करमळ घाटातले.
थोरला आमचा... असो.
चढावरचे दे."

मग येतच राहिले.
पीटीचे सर, ज्यांची शिट्टी तळ्यापलीकडे ऐकू जाते,
कुजबुजत आले.
फेरीबोटीवरचा फोंडू सुटे पैसे मोजून गेला,
दोन किलोमीटर, वर तीस रुपये.
रेमेदियस मावशी चर्चमागच्या वाटेने आली,
म्हणाली, जुवारीच्या पुलावरचा आहे का शिल्लक?
आहे म्हटलं.
तिने नोट वहीवर ठेवली, वर तळहात ठेवला,
बराच वेळ उचलला नाही.
"तिथं एकटी नसशील ना?"
नाही मावशी, चौदाजण आहोत.
"मग बरं."

तर वही आता अशी दिसते:
आकडा, रक्कम, पुढे कोरं.
अठरा वर्षं हजेरीपट तपासतेय मी,
असा एकही पाहिला नाही,
सगळे हजर आणि नाव कुणाचंच नाही.

मंगलदाससाठी करतेस ना, विचारतात.
हो म्हणावं तर त्याच्यावर ओझं,
नाही म्हणावं तर खोटं.
मी सांगते, वजन कमी करायचंय.
तो आतल्या खोलीत असतो.
ताट नेते, ताट आणते.
कधी भात संपलेला असतो, कधी नुसता चिवडलेला,
त्यावरून मी दिवस कसा गेला ते ओळखते.

काल सायकल पडवीत उलटी ठेवून
ब्रेक आवळत होते, जमत नव्हतं.
केव्हा आला कळलं नाही.
चिमटीत केबल धरून ओढली, चाक फिरवलं,
कानाजवळ नेल्यासारखं मान वाकवून ऐकलं.
अकरा दिवसांनी बोलला,
"उताराला नुसता पुढचा दाबू नको. उलटशील."
आणि आत गेला.
हाताला लागलेलं ग्रीस दाराच्या कडीला उमटलं,
पुसावंसं वाटलं नाही.

रात्री वही उघडली.
करमळचे चढ केव्हाच संपलेत,
पलीकडचे उतार तसेच पडून,
कुणी मागितलेच नाहीत.
त्यातल्या एकापुढे मंगलदास लिहिलं,
पेन्सिलीने,
शंभर माझ्या पर्समधले टाकले.
उद्या त्याला दाखवीन.
खोडरबरही सोबत नेईन.