पीळ

लेसो बेटावरून पहाटेची फेरी पकडून आला टॉर्किल्ड.
बुटांच्या शिवणीत अजून समुद्री गवताचे तुकडे.
छपरं शाकारतो. वय अठ्ठावन्न.
चाळीस वर्षं शिडीच्या दांडीवर
नुसत्या चवड्यांवर केलेला संसार.
म्हणाला, डावी टाच सकाळी उठल्या उठल्या बोलते.
म्हटलं, बोलू दे, ऐकायलाच बसलेय इथं.

खरं तर धडधाकट कंडरा काही बोलत नाही.
नेहमीच्या स्कॅनमध्ये टाचेमागची धोंडशीर
म्हणजे चरबीच्या उजेडात
कुणी शाईनं ओढलेली एक रेघ.
आवाज तिलाही असतो, पण इतका तोकडा
की यंत्र कान लावेपर्यंत विरून जातो.
म्हणून आता कान आधीच लावतो आम्ही,
आणि तो विरायला किती वेळ घेतो ते मोजतो,
मिलिसेकंदांत.
बिंदूबिंदूला आकडा, आकड्याला रंग.
निळा म्हणजे घट्ट.
पिवळा म्हणजे धाग्यांत पाणी शिरलंय.

हे त्याला माझ्याआधी कळलं.
त्याच्या बेटावर ओलं गवत पिळून
मनगटाएवढे वेठ वळतात, वाशांशी आवळतात.
वेठ सैल पडला की आत ओल धरते,
बाहेरून छप्पर जसंच्या तसं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथं उलटं.
आधी पीळ जातो,
सुंभ पुढं कित्येक वर्षं चालून दाखवतो.

पहिल्या चित्रात टाचेजवळ सगळं पिवळंधमक.
फोन उचलला होता मी डॉक्टरांना.
मग दिसलं, उशी सरकलीय, पाऊल कललंय.
चुंबकाच्या रेषेशी पंचावन्न अंशांच्या आसपास
निर्दोष धागाही उजळतो,
चोरी न करता पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा.
टॉर्किल्डला सांगितलं, तर नळीतूनच हसला:
"आमचं छप्पर पंचेचाळीसला बसतं.
दहा अंशांनी वाचलो."
हसला म्हणून हलला.
परत सात मिनिटं.

डावीचा आकडा आला, बरा म्हणावा इतपत वाईट.
मग तुलनेला उजवी घेतली,
जी आयुष्यात कधी दुखली नव्हती.
ती जास्त पिवळी.
नाव झाकून, सीमा नव्यानं आखून पुन्हा मोजलं.
तेच. दशांशापुरता फरक.

पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला.
"म्हणजे मी चुकीच्या पायानं लंगडतोय?"

याचं उत्तर माझ्या यंत्रात नाही.
ते पाणी मोजतं, दुखणं नाही.
मी फक्त कागद दिला: पायरीच्या कडेवर उभं राहून
टाच सावकाश खाली, बारा आठवडे, दोन्ही पायांनी.

बारा आठवड्यांनी आला तेव्हा
बायकोनं, रानहिल्डनं, गोठ्याच्या दारावर ओढलेल्या
खडूच्या रेघांचा फोटो दाखवला. एकही दिवस चुकला नव्हता.
उजवीचा आकडा तीन दशांशांनी उतरलेला.
यंत्राची स्वतःची चूक चार दशांशांची.
तेही सांगून टाकलं मी.
सिडसेल म्हणते, सांगायला नको होतं.
तो मान हलवत बुटाची नाडी बांधत बसला.
"वाऱ्याचा अंदाजही असाच देतात रेडिओवर.
शिडी तरी लावावीच लागते."

जाताना टेबलावर बोटभर लांबीचा वेठ ठेवून गेला,
वाळलेला, करडा, घट्ट.
रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर
मी तो चुंबकात सरकवला, नेहमीचा स्कॅन लावला
आणि काचेपलीकडं उभी राहिले.
काही आलं नाही.
वेठ नव्हताच जणू.
इतका काळा की मी दिवा लावून पाहिलं,
आहे ना अजून तिथं.