अकरा सेकंद

वाशीच्या प्रशिक्षणात दोन दिवस चहा-बिस्किटांवर शिकलो:
गोष्ट दोन मिनिटांची,
फोटो दहा-बारा, आवाज मुलाचा स्वतःचा,
आणि रिकामी जागा दिसली की कापायची,
नाहीतर प्रेक्षक पळतो.
मी वहीत 'पळतो'खाली दोन रेघा मारल्या.

सहावी ब. तुर्भे, खाणीच्या पायथ्याची शाळा.
पट त्रेचाळीस, फोन एक,
तोही माझा, डाव्या कोपऱ्यात तडकलेला.
भाचीच्या बारशाचे दीडशे फोटो पुसले
तेव्हा कुठं वर्गापुरती जागा झाली.

फोन पाळीपाळीनं घरोघर जाऊ लागला
दप्तरात, रुमालात गुंडाळून.
परत येताना काय काय घेऊन आला:
पिंपात पडणारं टँकरचं पाणी,
झोपलेल्या आजोबांचा एक कान,
सतरा वेळा तीच कोंबडी.
नौशादनं मसाला मार्केटातला बाप टिपला,
पाठीवर मिरचीचं पोतं,
आणि दुसऱ्या दिवशी अगदी गंभीरपणे विचारलं,
"बाई, ह्यात ठसका कुठून टाकायचा?"
प्रशिक्षणात हे नव्हतं.

शिवलीला धोत्रेची पाळी गुरुवारी.
हजेरीला 'हजर' म्हणते,
तेवढंच तिचं दिवसभराचं बोलणं.
तिची गोष्ट: आमचा डोंगर.
"अर्धा डोंगर आमच्याकडे आहे.
अर्धा बिल्डिंगीत राहायला गेला."
मग क्रशरची धूळ, आईच्या भुवया पांढऱ्या,
काठीला लाल फडकं,
शिट्टी.
पुढं काहीच नाही.

रात्री भांडी आवरून मी संपादनाला बसले.
पडद्यावर आवाजाची रेघ:
शिट्टीपाशी बाभळीचं झुडूप,
त्यानंतर सपाट माळ. अकरा सेकंद.
हात सवयीचा झाला होता. कापलं.

सकाळी तिला दाखवलं.
"बाई, माझी गोष्ट कुठाय?"
"सगळी आहे की. फक्त रिकामं काढलंय.
आणि सुरुंगाचा आवाज राहिलाय बघ तुझा,
तो आपण नेटवरनं घेऊ, फुकट मिळतो."
"रिकामं नाहीये ते.
शिट्टी झाली की सगळे थांबतात. कुत्रीपण.
मग फुटतो."
"मग फुटलेला का नाही घेतलास?"
तिनं दोन्ही तळवे कानांवर दाबून दाखवले
आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.
तिसरा हात
तिला कुणी दिलेला नव्हता.

मी मागं फिरायचं बटण दाबलं.
अकरा सेकंद परत आले, जागच्या जागी.
त्या रात्री कानात बोंडं घालून ऐकले,
आवाज वाढवत, वाढवत,
तर आत कुणीतरी होतं.
बाईचा आवाज, अगदी दातांखाली:
वकटी, रेंडू, मूडू, नालगू...
दोन वर्षं मी ह्या मुलीला पाढे शिकवतेय.
तिच्या घरी आकडे वेगळे असतात
हे मला फोननं सांगितलं.

शनिवारी खिडक्यांना सतरंज्या लावल्या,
भिंतीवर डोंगर आला.
शिट्टी झाली.
चित्र तसंच. आवाज नाही.
केंद्रप्रमुख साहेब कुजबुजले, "अडकलं वाटतं,"
लॅपटॉपकडे हात नेला,
आणि मागच्या बाकांवर
वीसेक मुलांनी एकदम कान झाकले.
साहेबांचा हात तिथंच थांबला.
नौशादचं तोंड उघडं.
पंखा तेवढा फिरत होता,
त्यालाही बंद करावंसं वाटलं.

अहवालाच्या फॉर्मात 'अध्ययन निष्पत्ती' असा रकाना आहे,
तीन ओळींचा.
तो अजून कोराच आहे, सोमवारी द्यायचाय.

शाळा सुटल्यावर शिवलीलाला फाटकापाशी गाठलं.
म्हटलं, आठपर्यंत ऐकू आलं मला,
नऊला काय म्हणतात गं?
"तोम्मिदी."
मी म्हणून पाहिलं.
ती हसली नाही. दप्तर खाली ठेवलं,
माझ्या ओठांकडे बघत म्हणाली,
"असं नाही बाई. परत म्हणा."