खाडा

जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म आला, बत्तीस प्रश्नांचा.
सतरावा असा: तुमच्या पुरवठा साखळीत कुणाला
त्याच्या मर्जीविरुद्ध राबवलं जातं का?
पुढे दोन चौकोन. हो. नाही.
ठोसर साहेब म्हणाले, नाहीवर खूण कर आणि पाठवून दे,
आपण बावीस माणसं, भोसरीत दोन शेड,
साखळी कसली आलीय आपली?

परचेस मी बघते.
साखळी माझ्याच टेबलावरून जाते.
बोल्ट राजकोटचे, रबर पिरंगुटचं,
आणि लाकडी पॅलेट कुदळवाडीतून,
महिन्याला चारशे, सहा वर्षं, सगळं फोनवर.
स्पाइन रोडने गेलं तर वीस मिनिटं लागतात.
मी कधी गेले नव्हते.

पत्र्याची शेड. भुसा इतका की चप्पल दिसेना.
आठ पोरं, ओठांत खिळे धरून
एकेक काढत ठोकणारी.
नाव विचारलं तर आधी खिळे हातावर काढावे लागले त्याला,
मग म्हणाला, जोहन तिर्की. सिमडेगा.
आणि वाळुंजकडे बघितलं,
इतकं सांगितलं तर चालतं ना, अशा नजरेनं.

वाळुंज वाईट माणूस दिसत नाही, हीच अडचण.
माझ्यासाठी खुर्ची पुसली, आल्याचा चहा मागवला.
घरच्यासारखी ठेवतो मॅडम, झोपायला वर माळा आहे.
आधार कार्डं? माझ्याकडे. पोरं हरवतात हो.
बिस्किटांच्या डब्यात होती, रबरबँड लावून.
गेटला कुलूप?
ते चोरांसाठी.
आतून नव्हतं, बाहेरून होतं.

वही मागितली. दिली त्याने.
लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.
प्रत्येक नावापुढे उचल, तीस हजार, पस्तीस.
एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायचा,
आणि कापलेला पुन्हा उचलीत मिळवायचा.
तापाचा खाडा. आई गेल्याचा खाडा.
उचल म्हणजे हातात घेतलेली वस्तू, असं मी समजत होते.
ही खाली ठेवताच येत नाही.

हे कसं चालतं तुम्हाला, मी म्हणाले, जरा चढ्या आवाजात.
तो न चिडता म्हणाला,
मागच्या मार्चमध्ये तुम्हीच पाडून घेतलेत ना,
चारशे दहाचे तीनशे पासष्ट?

आठवतो तो दिवस.
ऑफिसात सगळ्यांना मी कुल्फी दिली होती.

परत येताना सिग्नलला गुणाकार केला.
पंचेचाळीस गुणिले चारशे.
मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

ऑर्डर तोडायची नाही, एवढं मी ठरवलं.
तोडली असती तर माझा फॉर्म स्वच्छ झाला असता,
आणि वाळुंजला दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळच्या आत.
ठोसरांशी तीन आठवडे भांडण,
एकदा रडलेसुद्धा, त्याची अजून लाज वाटते.
लेबर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या,
असली उचल कायद्याने कधीच फिटलेली असते,
फक्त ज्याच्या डोक्यावर आहे त्याला कुणी सांगत नाही.
दर पुन्हा चारशे दहा. पगार बँकेत.
वाळुंजने वहीवर रेघा मारल्या, पट्टी धरून,
जणू सरळ मारल्या की कमी दुखतं.

जोहनने कार्ड घेतलं,
फोटो बराच वेळ बघितला.
तेव्हा मिशी नव्हती, म्हणाला.

फॉर्म अजून ड्रॉवरमध्येच.
माझ्या उत्तराच्या मापाचा चौकोन त्यात नाही.
रबरवाल्याकडे पिरंगुटला जायचंय पुढच्या आठवड्यात,
आणि पोटात आत्ताच गोळा आहे.

काल पॅलेट तीस कमी आली, ट्रक दोन तास अडकला,
ठोसर माझ्यावर उखडले.
मी कुदळवाडीला फोन लावला.
वाळुंज म्हणाला, काय करू मॅडम, तिर्कीचा खाडा.
आजारी आहे?
नाही हो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेला.
कुठे?
सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.