एनचा खण

फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच येते तिथे
आमचा कोश अजून लाकडी खणांत राहतो.
एनचा खण अडकतो. खालून गुडघा लावावा लागतो.
सव्वीस वर्षं मी तो लावते आहे.

आज त्यातून न्यूबाइल निघालं.
टिल्लूसरांचं अक्षर, जांभळी शाई:
विशेषण. उपवर. लग्नाला आलेली.
बस, एवढंच. सरांना शब्द उधळायची सवय नव्हती.

शर्वाणी, आमची नवी मुलगी, फोनवरून मान न उचलता म्हणाली,
"ताई, हे चुकलंय. आता त्याचा अर्थ तसा नाही होत."
मग कसा होतो?
ती हसली, हाताने हवेत एक वळण काढलं
आणि लगेच हात खाली घेतला.
समोर हिशेबाच्या टेबलावर कारखानीस होते.

म्हणजे अर्थ बोहल्यावरून उतरला
आणि अंगावर येऊन बसला.
पन्नासेक वर्षं तरी झाली असतील.
कार्डाला कोणी कळवलं नाही.

मी मागे मागे गेले, आमचं कामच ते.
इंग्रजीच्या पाठीमागे लॅटिन, तिथे नूबेरे:
नवरा करणे. हे फक्त बाईने.
पुरुषाचं क्रियापद वेगळं, तो बायकोला नेतो.
आपल्याकडे दोघांनाही विचारत नाहीत,
बाप लेक उजवतो.
नूबेरेच्या मागे काही जण दाखवतात
अंगावर पदर ओढून घेणं,
आणि त्याच्याही मागे नूबेस, ढग.
इथे कोशकारांचं एकमत होत नाही.
कोणी हो म्हणतं,
कोणी प्रश्नचिन्ह टाकून चहाला जातं.

ढग म्हटल्यावर मला आपलं नभ आठवलं.
पण कानाला बरं वाटलं म्हणून सोयरीक जमत नाही,
हे मला दादरच्या ब्यूरोतही सांगितलं होतं,
जरा गोड शब्दांत.

रानडे रोड, साड्यांच्या दुकानावर. निळी फाइल, नंबर चारशे बारा.
'उपवर, गहूवर्णी, कोशकार्यालयात नोकरी.'
उंचीतला एक इंच आईचा.
उप म्हणजे जवळ. आम्ही तेव्हा गोरेगावला राहायचो,
उपनगर नगराच्या जितकं जवळ असतं
तितकी मी नऊ वर्षं वराच्या जवळ होते.

स्थळं आली. एक ठाण्याचं, एक मस्कतचं,
एक माझगाव डॉकमधलं, ते दोनदा आलं,
दुसऱ्यांदा चुकून.

मग धाकटीचं ठरलं.
पार्ल्याच्या हॉलमध्ये गुरुजींचा जोडीदार उगवलाच नाही
आणि अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात आलं.
"तिला कशाला?" कोणीतरी काकू हळूच म्हणाल्या,
पण बाकी सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या.
मंगलाष्टकं लांबली. मामांनी स्वतः रचलेलं होतं,
ते झाल्यावर आत्यांना सुचलं.
माझे खांदे भरून आले.
कापडाच्या अलीकडे ती, नाकावर घामाचा एक थेंब,
पलीकडे तो, मुंडावळ्यांतून चोरून घड्याळ बघणारा.
दोन्हीकडचं दिसत होतं
ते गुरुजींना, आणि त्यांनी डोळे मिटलेले.

पडदा धरून उभी राहणारी:
तिच्यासाठी लॅटिनात क्रियापद सापडलं नाही.
मी संध्याकाळपर्यंत शोधलं.

"आणि मुलग्यांसाठी काय शब्द, ताई?"
एलिजिबल. निवडण्याजोगा.
तो ईच्या खणात आहे.
तो खण अडकत नाही.

कोरं कार्ड घेतलं. एक: जुना अर्थ, उपवर.
दोन लिहून थांबले.
शर्वाणीचा हात आठवला,
वर गेलेला, मग खाली आलेला.
त्याला मराठीत काय म्हणतात
ते तिलाच लिही म्हटलं.
तिने पेन घेतलं, टोपण चावत बसली.

कारखानीस दिवे मालवायला उठले.
लग्नात बायकांना खण मिळतो, हिरवा, जरीकाठी.
मला हा मिळाला.
गुडघा लावला. गेला आत.