बुटाच्या टोकातलं लोखंड

पहिल्या दिवशी यंत्र पावलागणिक केकाटत होतं.
डावा पाय, कुंई. उजवा पाय, कुंई.
ट्रेव्हिलीच्या खाडीचा अर्धा किनारा उकरला मी,
चाळीस खड्डे, सगळ्यांत वाळू,
मग कुत्रं फिरवायला आलेली पोस्टातली बाई म्हणाली,
जॅगो, तुझ्या बुटांना पोलादी टोकं आहेत ना रे?

काखेत कळसा.

सव्वीस वर्षं कथिलाच्या खाणीत घातलेले बूट.
खाण बंद झाली तेव्हा दिवा परत घेतला, हेल्मेट परत घेतलं,
बुटांवर कुणी हक्क सांगितला नाही.

क्लेमो पेंडरच्या दुकानात सर्फिंगच्या फळ्या, मेणाच्या वड्या,
आणि आमच्यासारख्यांसाठी मागचं अर्धं कपाट.
नालबंद खूर बघतो तसे त्याने माझे पाय बघितले.

"सँडल नको. वाळूत विव्हर मासा बसलेला असतो
पाठीचा काटा वर करून. टोचला
की बाप्या माणूस आईच्या नावाने रडतो,
मग तासभर पाय कढत पाण्यात.
गमबूटही नको. एक लाट आत शिरली
की पायांत दोन बादल्या घालून चालशील.
आणि तो छातीपर्यंतचा रबरी लेंगा नदीत ठीक,
इथे आडवा झालास तर तू त्याला नाही,
समुद्र तुला अंगात घालेल.

हे घे. निओप्रीन, पाच मिलिमीटर, जरा घट्टच,
भिजले की सैल पडतात.
चेन नसलेले. चेन म्हणजे पुन्हा धातू.
तळवा कडक बघ," तो वाकवून दाखवायला लागला, वाकेना,
"फावडं दाबायचंय तुला कंबरभर पाण्यात,
मऊ तळवा असेल तर रात्री टाच झोपू देणार नाही."

फावडं चाळणीसारखं, भोकाभोकांचं,
दांडा माझ्या खांद्याएवढा, राखेच्या रंगाचा.
हातोहात घेतलं आणि हात आपोआप
जुन्या जागी जाऊन बसले.

"शोधतोयस काय?"
नाणी, म्हटलं मी.

शेजारच्या सेनाराने ऑगस्टमध्ये, भर गर्दीत,
पाण्यात उभं राहून बोटातली अंगठी भिरकावली.
मी बाकावर पेस्टी खात होतो.
लाल झेंड्याच्या रेषेत, तिसऱ्या लाटेच्या मागे,
कुठे पडली ते बहुधा मी एकट्यानेच पाहिलं.
तिने कधी विषय काढला नाही.
मीही नाही. पावाच्या दुकानात ती हल्ली
सुट्टे पैसे डाव्या हाताने देते, एवढंच.

त्यानंतर तीन वादळं होऊन गेली.

नवे बूट घालून उतरलो तेव्हा कानात काहीच नाही.
इतकं काहीच नाही की वाटलं यंत्र बिघडलं.
मग गळाचं शिसं. डब्याची कडी. पुन्हा शिसं.
कुणाच्या तरी गॉगलची दांडी.
लाट आली की तबकडी हातातून उठायला बघते,
तिला कोपराने दाबून धरायचं, गुडघे जरा वाकवून,
समुद्राला पाठ दाखवायची नाही.

आमची खाण समुद्राच्या पोटाखाली जायची.
वादळी रात्री डोक्यावर गडगडणारे धोंडे ऐकू यायचे,
नवी पोरं जेवण अर्धं टाकून वर बघायची.
मी म्हणायचो, जेवा रे, छत जाड आहे.
आज त्याच छताच्या वरच्या अंगाला उभा आहे मी,
अठ्ठेचाळीस पौंडांच्या बुटांत, आणि खाली
कुणीच जेवत नाहीये.

झेंड्याच्या रेषेत एक आवाज आला. बारीक, गोल.
फावडं रोवलं, टाच दिली, सगळा भार दिला,
उचललं तर लाटेने मधेच धुऊन नेलं.
पुन्हा आवाज, हातभर डावीकडे.
पुन्हा टाच.

पाणी बरगड्यांपर्यंत आलं तेव्हा परत फिरलो.
खडकावर ठेवलेल्या जुन्या बुटांजवळून जाताना
यंत्र बंद करायचं राहिलं होतं.
केवढ्याने ओरडलं.

आज ओहोटी नऊ वाजून दोन मिनिटांनी होती.
उद्या नऊ बावन्न.